अमानतीचा धनी

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की माळ्यावरून काय खाली उतरेल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे एक पत्र्याचा डबा उतरला. झाकणावर एके काळी बिस्किटांचे चित्र असावे. आता गंजाचे नकाशे तेवढे उरले आहेत. डबा माझ्या आजोळचा, हिंगोलीकडचा. मामांना मूलबाळ नव्हते. तेव्हा त्यांच्यामागे तो आईकडे आला आणि आईमागे माझ्याकडे. आत चारमिनारचे चित्र असलेले दोन हाली रुपये, एक तुटकी अत्तरदाणी आणि चार घड्या घातलेला एक कागद. लक्ष्मीपूजनाला रुपये काढायचे आणि कागद पुन्हा घडी घालून ठेवायचा, असा आजोळचा रिवाज होता. पूजा रुपयांची होई. पण घरात बोलणे होई ते कागदाचे.

तो कागद म्हणजे निजामी अमलातल्या तहसील कचेरीची एक पावती. मजकूर सारा उर्दूत, तोही कारकुनी वळणाच्या शिकस्ता लिपीत. आजोबांनी गवताच्या कुरणाचा हर्रास घेतला होता आणि त्यापोटी एकशे चाळीस रुपये 'अमानत' म्हणून खजिन्यात भरले होते. महिना आजूर, साल १३५७ फसली. एवढेच. हर्रास म्हणजे लिलाव आणि अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितले.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आणखीही थोडे सांगायला हवे. हिंगोली आज स्वतंत्र जिल्हा आहे. पण तो झाला १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी तो परभणी जिल्ह्याचा भाग होता, आणि परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे नाणे निराळे, साल निराळे आणि दफ्तराची भाषाही निराळी. निजामाचा रुपया तो 'हाली' आणि इंग्रजांचा तो 'कलदार'. शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै मोजावे लागत; सोपा हिशेब म्हणजे सात हालीला सहा कलदार. आजोबांच्या एकशे चाळीस हालीचे म्हणून बरोबर एकशे वीस कलदार होतात. हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरात सुरू होई आणि त्याचा पहिला महिना आजूर. फसली आकड्यात पाचशे नव्वद मिळवले की त्या आरंभीच्या ऑक्टोबराचे इसवी साल निघते. १३५७ चा आजूर म्हणजे ऑक्टोबर १९४७.

ऑक्टोबर १९४७! देशाला स्वातंत्र्य मिळून दोन महिने झाले होते आणि हैदराबाद संस्थानात तिरंगा लावणे हा गुन्हा होता. आजोबांनी अशा वेळी गवताचा हर्रास कशाला घेतला, असे मी एकदा मामांना विचारले होते. ते म्हणाले, "अरे, राज्य कुणाचंबी असू दे, बैलाला वैरण लागतीच की!" पुढचा हिवाळा आणि उन्हाळा रझाकारांच्या धामधुमीत गेला. सरहद्दीलगतच्या गावांतली कितीतरी कुटुंबे बैलगाड्या जुंपून वऱ्हाडात उतरली. आजोबांनी वाशिमची वाट धरली. कुरण कोणी कापले, गवत कोणी नेले, देव जाणे. सप्टेंबर १९४८ नंतर मंडळी परत आली तेव्हा घराची दारे गेली होती. पण हा डबा आजीने बरोबर नेला होता म्हणून राहिला. दारे बसवण्याच्या, बैल घेण्याच्या आणि पेरणीच्या खटपटीत अमानत मागायला कोणी गेले नाही. मग आजोबाच गेले.

धनी न आलेला पैसा ही गोष्ट हिंगोलीला तशी नवी नव्हे. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेची, हैदराबाद कंटिंजंटची, येथे मोठी छावणी होती. छावणी म्हणजे पगार, पगार म्हणजे बाजार, आणि बाजार म्हणजे रस्त्याने येणारे व्यापारी. ठगांविरुद्धच्या मोहिमेतील इंग्रज अधिकाऱ्यांनी एक हकिगत लिहून ठेवली आहे. हिंगोलीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. मोठा अदबशीर, लोकांत मान असलेला. त्याने छावणीच्या अधिकाऱ्याकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला आणि तो त्याला मिळाला. वस्तुतः ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि ते वाटेवर आहे हे हरिसिंगाला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैलहाक्यांना वाटेत ठार केले, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले नसते, तर हे कोणाला कळलेही नसते. त्या मालाचा धनी विचारायला कधी येणारच नव्हता. पण परवाना मात्र पक्का होता, सही-शिक्क्याचा! पैशाच्या व्यवहारात कागद किती खरे बोलतो आणि किती खोटे, याचा विचार करताना मला हा हरिसिंग नेहमी आठवतो.

आमचा कागद खरे बोलत होता. प्रश्न होता तो ऐकणार कोण, हा.

१९७४-७५ च्या सुमारास मामांनी मनावर घेतले. गावातल्या एका म्हाताऱ्या निवृत्त कारकुनाकडून पावती वाचून घेतली, तिचे मराठी करवले आणि ते एका कचेरीत गेले. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही. तेथली माणसे आता नाहीत आणि ती वाईटही नव्हती. तिथल्या कारकुनाने पावती उलटीसुलटी पाहिली आणि विचारले, "हे कोणत्या सरकारचं आहे?" मामा म्हणाले, "तवाच्या." कारकून म्हणाला, "मग तवाच्या सरकारला मागा." सगळे हसले. मामाही हसले आणि घरी आले. त्यानंतर दोन हेलपाटे झाले. एकदा साहेब नव्हते, एकदा रजिस्टर नव्हते. एस.टी.च्या तिकिटाचे पैसे अमानतीच्या वर जाऊ लागले तेव्हा मामांनी नाद सोडला.

कारकुनाचा तो विनोद त्या वेळी बिनतोड वाटला. पुढे पुष्कळ वर्षांनी मी जरा कायद्याची पुस्तके चाळली तेव्हा ध्यानात आले, की विनोद चांगला असला तरी उत्तर चुकीचे होते. सरकार बदलते, सरकारचे देणे बदलत नाही. राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या २९५ व्या अनुच्छेदात लिहिले आहे, की केंद्राकडे गेलेल्या बाबी सोडल्या तर जुन्या संस्थानी सरकारची मालमत्ता, हक्क आणि देणी ही त्या जागी आलेल्या नव्या राज्य सरकारकडे यावीत. म्हणजे निजाम सरकारने घेतलेली अमानत हैदराबाद राज्याच्या डोक्यावर आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात ठेवींविषयी एक स्वच्छ वाक्य आहे: ठेव ज्या मुलखात भरली असेल तो मुलूख ज्या राज्यात जाईल, त्या राज्याने ती फेडावी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हाही हाच न्याय. तेव्हा 'तवाचे सरकार' कोठे शोधायला जायचे नव्हते. ते टेबलाच्या पलीकडेच बसले होते.

पण त्या टेबलावर आणखी एक अडचण पहुडलेली असते, आणि ती सामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही. सरकारी खजिन्यात ठेव म्हणून आलेला पैसा सरकारचे उत्पन्न नसतो. हर्रासाची अमानत, कंत्राटदाराची अनामत, न्यायालयात भरलेली रक्कम, जास्त भरला गेलेला एखादा भरणा, हे सारे परक्याचे धन म्हणून निराळ्या खात्यात लिहिले जाते. मात्र ते तेथे अनंतकाळ राहत नाही. खजिन्याच्या हिशेबाचा जुना नियम असा, की तीन पुरी हिशेबी वर्षे उलटूनही कोणी मागणी केली नाही, तर मार्चअखेर ती रक्कम सरकारच्या जमेस धरायची. अगदी किरकोळ रकमेला तेवढीही सवड नाही. या ठेवींना सरकारी मराठीत 'व्यपगत ठेवी' म्हणतात. शब्द असा आहे, की ऐकणाऱ्याला वाटावे ठेव स्वर्गवासी झाली!

तसे मात्र नाही. ठेव व्यपगत होते तेव्हा ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. ठेवीदाराचा हक्क त्यामुळे मरत नाही. फक्त आता ती परत द्यायची तर स्थानिक अधिकाऱ्याच्या सहीने भागत नाही, महालेखापालांची मंजुरी लागते. मराठवाड्यासाठी ही कचेरी नागपुरास आहे. महालेखापाल तीन गोष्टी पाहतात: रक्कम खरोखरच जमा झाली होती काय, ती व्यपगत म्हणून सरकारजमा झाली काय, आणि मागणारा माणूस तोच अगर त्याचा खरा वारस आहे काय. म्हणून अर्ज खजिन्यात करायचा नसतो. ज्या कचेरीने पैसे भरून घेतले तिच्याकडे करायचा असतो. तिने आपले ठेवींचे रजिस्टर काढायचे, नोंद पटवायची, ओळख व हक्क यांची खात्री लिहून द्यायची आणि कागद पुढे पाठवायचे. मूळ ठेवीदार हयात नसेल तर दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला जोडायचा. हे सारे ज्याच्या-त्याच्या हातात आहे; नाही ते एकच, रजिस्टर. रजिस्टर सापडले तर पुढचे सगळे जमते. पावती हरवली तरीही जमू शकते, कारण पावती रजिस्टरकडे नेणारी वाट असते, रजिस्टर हे घर. आमच्या मामांनी वाट जपली. घर कोठे होते ते त्यांना कोणी दाखवले नाही.

आता याच १३५७ फसलीतली दुसरी एक अमानत पाहू. साल संपायला थोडे दिवस उरले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली. १८ तारखेला त्यांचे सेनापती एल इद्रूस मेजर जनरल चौधरींना शरण गेले. मराठवाडा १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिदिन मानतो. इतके झाल्यावर, २० सप्टेंबर रोजी, लंडनमध्ये एक सही चालली.

निजाम सरकारचे खाते लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत होते. ते चालवण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांत अर्थमंत्री मोईन नवाज जंग आणि लंडनमधले एजंट-जनरल मीर नवाज जंग हे होते. त्या खात्यातून १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग एवढी रक्कम उचलून पाकिस्तानचे लंडनमधील हाय कमिशनर हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वळती झाली. (रहिमतुल्ला हे मूळ मुंबईच्या सुप्रसिद्ध घराण्यातले, हाही योगायोगच.) त्या वेळच्या दराने पौंडाला तेरा रुपये आणि वर चिल्लर पडत असे. म्हणजे एक कोटी चौतीस लाखांच्या वर कलदार झाले, आणि आमच्या बाजारभाषेत दीड कोटीहून जास्त हाली. आठवडा झाला तोच निजामांनी बँकेला कळवले, की हे माझ्या परवानगीवाचून झाले आहे, पैसे परत माझ्या खात्यात घाला. बँकेने उत्तर दिले, की आता खाते ज्याच्या नावे आहे त्याच्या संमतीवाचून ते होणार नाही.

ते पैसे होते कोणाचे? निजाम हे त्या काळी जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ समजले जात. तेव्हा त्यांचेच असतील असे वाटणे साहजिक आहे. परंतु खाते चालवत होते अर्थमंत्री. अर्थमंत्र्याच्या तिजोरीत पैसे येतात ते शेतसाऱ्यातून, आबकारीतून, करोडगिरीच्या नाक्यावरून. हिंगोली-बसमतच्या कापसावर आणि ज्वारीवर बसलेला आकार त्या दहा लाख पौंडांत किती मिसळला होता हे निवडून दाखवणे अशक्य. पण तो त्यात नव्हता असेही कोणी म्हणू शकणार नाही. त्याच वर्षी ३० जानेवारीला नांदेडकडच्या उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली होती आणि त्या पैशाचा हिशेब कसा चोख ठेवला हे मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगतात. एका वर्षात निजामी तिजोरीतून अशा दोन वाटांनी पैसा गेला. बंदुकीने गेला त्याचा हिशेब लागला. लेखणीने गेला त्याला एकाहत्तर वर्षे लागली.

या एकाहत्तर वर्षांची कथा सविस्तर सांगायची तर निराळा अंक लागेल, थोडक्यात सांगतो. निजामांनी १९५४ साली लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. खालच्या न्यायाधीशांनी तो थांबवला, अपील न्यायालयाने चालू केला, आणि १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने कायमचा थांबवला. कारण पैशाच्या हक्काचे नव्हते. पैसे ज्याच्या नावे होते तो एका सार्वभौम राष्ट्राचा प्रतिनिधी होता आणि परक्या राष्ट्राला त्याच्या मर्जीविरुद्ध आपल्या न्यायालयात उभे करता येत नाही, हा तो मुद्दा. बँक म्हणाली, सगळे मिळून सही करा आणि घेऊन जा. सगळे मिळून कधी सही करणार! निजाम, भारत आणि पाकिस्तान, तिघेही आपापल्या जागी बसले. १९६७ साली निजाम वारले. वेस्टमिन्स्टर बँक दुसऱ्या एका बँकेत मिळून नॅशनल वेस्टमिन्स्टर झाली. पैसा मात्र वाढत होता, कारण तो व्याजाने ठेवलेला होता.

गाठ सुटली ती पाकिस्तानच्याच हाताने. २०१३ साली पाकिस्तानने त्या पैशासाठी बँकेविरुद्ध आपण होऊन दावा केला. दावा लावणारा मग 'मला न्यायालयात ओढू नका' असे म्हणू शकत नाही. एकदा पायरी चढली की चढली. निजामांचे दोन नातू, मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह, आणि भारत सरकार आपापसांत समेट करून एका बाजूला उभे राहिले. पाकिस्तानचे म्हणणे असे, की १९४८ साली आम्ही हैदराबादला शस्त्रे पुरवली, त्यांची ही किंमत. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या वर्षी कराचीहून हैदराबादला विमानांतून शस्त्रे नेत होता हे खरेच आहे. पण हा पैसा त्याच सौद्याचा, हे काही न्यायालयाला पटले नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: रक्कम पाकिस्तानच्या प्रतिनिधीकडे केवळ विश्वासाने ठेवलेली होती, तिचे खरे धनी निजाम, आणि आता त्यांच्या हक्काने मागणारे नातू व भारत. दहा लाख पौंडांचे तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. निजामांच्या इतर अनेक वंशजांनी मागाहून आपलाही वाटा मागितला. २०२० साली न्यायालयाने तो मान्य केला नाही.

'विश्वासाने ठेवलेली' या शब्दांपाशी मी थबकलो. न्यायमूर्तींनी शेकडो परिच्छेद लिहून जो अर्थ काढला, तो आमच्या पावतीवरच्या एका शब्दात होता.

निकालाची बातमी आली तेव्हा मामा नव्हते. असते तर त्यांनी हिशेब केल्यावाचून सोडला नसता. तो मीच केला. एकशे चाळीस हालीचे एकशे वीस कलदार. तेव्हाच्या दराने त्यांचे नेमके नऊ पौंड. लंडनच्या खात्यात निजामांच्या पैशाशेजारी आजोबांचे नऊ पौंड असते, तर त्यांचे तीनशेच्या वर पौंड झाले असते. आमच्या खजिन्यातल्या अमानतीला व्याज नाही. सत्तर वर्षे असो वा सातशे, एकशे वीसचे एकशे वीसच. गवताच्या हर्रासाला तारण म्हणून ठेवलेल्या पैशावर व्याज कशाला, हे मला समजते. पण तीन वर्षांनी तो पैसा सरकार वापरू लागते, त्यानंतरच्या काळाचे काय, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याच नियमात सापडलेले नाही. निदान ज्याचे पैसे जमेस धरले त्याला एक पोस्टकार्ड टाकावे, एवढे तरी व्हायला हवे होते. राजाला वकील मिळतो. गवतवाल्याला पोस्टकार्डही मिळत नाही.

येथे एक भेद मात्र सांगितला पाहिजे, कारण त्यात पुष्कळांची गल्लत होते. व्यपगत ठेव निराळी आणि बेवारस मालमत्ता निराळी. माणूस मागे कोणीही वारस न ठेवता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची मिळकत सरकारकडे जाते, आणि घटनेच्या २९६ व्या अनुच्छेदाने ती ज्या राज्यात असेल त्या राज्याची होते. तेथे सरकार खरोखर धनी बनते. जमिनीत सापडणाऱ्या धनाचा प्रकार तिसराच. नांगराला हंडा लागला आणि आतला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा निघाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे; ते जाहीर नोटीस काढतात; कोणीच मालक ठरला नाही तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा, अशी त्या कायद्यातली साधारण वाटणी. इंग्रजांनी मातीतल्या हंड्यासाठी जाहीर नोटिशीची सोय केली. रजिस्टरातल्या ठेवीसाठी केली नाही.

आमच्या भागात अशा ठेवी पडून राहण्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, अशी धरणे झाली, गावे उठली. भूसंपादनाचा मोबदला कोणाला द्यायचा याबद्दल भाऊबंदकी निघाली, तर तेव्हाचा कायदा सांगे की रक्कम न्यायालयात भरा. तंटा मिटेपर्यंत एक पिढी जाते, पुढची पिढी परभणीला, औरंगाबादला, पुण्याला जाते, आणि रक्कम न्यायालयाच्या खात्यात वाट पाहत राहते. जिल्हे बदलतात तेव्हा दफ्तरेही बदलतात. १९९९ पूर्वीच्या हिंगोलीच्या कागदाचा माग परभणीलाही काढावा लागतो. बँकांत विसरलेल्या पैशाची आता बरी सोय झाली आहे. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. ठेवीदाराचा हक्क कायम राहतो आणि त्याने आपल्या बँकेकडेच मागायचे असते. २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधताही येते. तहसिलीच्या खजिन्यातील जुन्या अमानतींची अशी यादी कोणी करील तर माझ्यासारखे पुष्कळ डबेवाले त्याला दुवा देतील.

हिंगोलीहून जवळच नरसी आहे, नामदेवांची नरसी. त्यांची एक गोष्ट लहानपणी मामा सांगत. वडिलांनी कापड विकायला बाजारात पाठवले. नामदेवांनी ते धोंड्यांना पांघरूण म्हणून उधार देऊन टाकले आणि पैशांना एका धोंड्याला जामीन धरले. मुदत भरली, पैसे आले नाहीत. तेव्हा जामीन धोंडाच उचलून घरी आणला आणि खोलीत कोंडला. तो सोन्याचा झाला. गोष्ट संपली की मामा म्हणत, "त्याचा जामीन त्याला सापडला तरी! आपला तर अजून रजेवर आहे."

यंदा डबा उतरल्यावर मी पावती हैदराबादला राहणाऱ्या एका स्नेह्याकडून पुन्हा नीट वाचून घेतली. पहिल्या वेळी सुटलेली एक गोष्ट निघाली: कडेला, शिक्क्याखाली, रजिस्टरचा अनुक्रमांक आहे. मामांच्या म्हाताऱ्या कारकुनाला तो डाग वाटला असावा. अर्ज लिहिला, पावतीची नक्कल, मराठी तर्जुमा, फसलीचे इसवीत आणि हालीचे कलदारात केलेले गणित, वारसाचे कागद, सारे जोडले. नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी हिंगोलीस जाऊन तो दिला. खिडकीतल्या मुलीने पावतीची नक्कल बराच वेळ पाहिली. "हे ऊर्दू आहे का, काका?" तिने विचारले. मी हो म्हणालो. "माझ्या आजोबांना येत होतं," ती म्हणाली आणि शिक्का मारून तिने पोच दिली. ती पोच मी त्याच डब्यात ठेवली आहे.